पट्टी आणि पुडा

२०२४ च्या दिवाळीला आठ दिवस होते. त्या दिवशी आमच्या घरात दोन कागद आले. एक होती बाजारातल्या आडत्याची पट्टी: सोयाबीन वीस क्विंटल, भाव ४१५०, खाली हमाली आणि तोलाई वजा. दुसरं किराण्याचं बिल. त्यात तेलाचे पाच पुडे होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला ११२ रुपयांना आणलेला तोच पुडा आता १३४ ला लागला होता. अण्णांनी चष्मा लावला, दोन्ही कागद दिवाणावर शेजारी शेजारी ठेवले आणि मला विचारलं, "हे तेल सोयाबीनचंच ना गं? मग तेल चढलं आणि सोयाबीन कसं काय पडलं?"

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता. म्हणजे क्विंटलमागे ७४२ रुपये कमी मिळाले. वीस क्विंटलचे पंधरा हजारांना थोडेसे कमी. आमच्याकडे रान बॅगेवर मोजतात, चार बॅगा पेरल्या की चार एकर. चार एकरांच्या काढणीची मजुरी जवळपास तेवढीच होते. शेतकऱ्याने बायाबापड्यांना दिलेले काढणीचे पैसे भावातल्या फरकाने गिळले, असा तो सरळ हिशोब.

हमीभावाने घेणारी सरकारी खरेदी केंद्रं होती, नाही असं नाही. पण तिथे १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नव्हता. परतीचा पाऊस अंगावर घेऊन मळलेल्या सोयाबीनमध्ये ऑक्टोबरात १२ टक्के ओलावा कुठून आणायचा? ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली ती नोव्हेंबरच्या मध्याला, विधानसभेचं मतदान चार-पाच दिवसांवर आलं तेव्हा. तोवर ज्याला दिवाळी करायची होती, खताची उधारी फेडायची होती, हरभऱ्याचं बी आणायचं होतं, त्याने माल घालून टाकला होता.

अण्णांच्या प्रश्नाला मी त्या दिवशी "व्यापारी लुटतात" एवढंच उत्तर दिलं. ते अर्धवट होतं. खरं उत्तर सोयाबीनच्या दाण्यातच आहे.

शंभर किलो सोयाबीन गाळलं तर तेल निघतं साधारण १८ किलो. पेंड निघते ८० किलो आणि वर. तेल गाळणारा सॉल्व्हंट प्लांटवाला सोयाबीनला जो भाव देतो तो या दोन्हींची बेरीज करून. समजा तेल १२० रुपये किलो आहे आणि पेंड ३२ रुपये. तेलाचे झाले २१६०, पेंडीचे २५६०, एकूण ४७२०. यातून गाळण्याचा खर्च, वाहतूक, आडत, घट काढली की शेतकऱ्याच्या पट्टीवर बेचाळीसशेच्या आसपासचा आकडा येतो. आता पेंड ४५ रुपये किलो असती तर? तिचे एकटीचे ३६०० झाले असते, क्विंटलला १०४० रुपये जास्त. तेवढीच वाढ तेलातून काढायची म्हटली, तर तेल किलोमागे ५८ रुपयांनी महाग करावं लागेल. एवढं महाग तेल कोणतंही सरकार होऊ देणार नाही, आणि होऊ देऊही नये.

१४ सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. अधिभार धरून ते साडेपाचचं साडेसत्तावीस टक्के झालं, शुद्ध तेलावरचं पावणेचौदाचं पावणेछत्तीस. हेतू चांगला होता: सोयाबीनची आवक सुरू होण्याआधी बाहेरचं तेल महाग करायचं, म्हणजे इथल्या मालाला भाव मिळेल. तेल महाग झालंही. पण त्याच महिन्यांत पेंड घसरत होती. जगभर सोयाबीनचं पीक अमाप आलेलं, ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड आपल्याहून स्वस्त, त्यामुळे आपली निर्यात थंड. आणि देशातही एक नवीन स्पर्धक उभा राहिलेला. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनांचा चोथा उरतो, ज्याला व्यवहारात डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीच्या आणि जनावरांच्या खाद्यात सोयापेंडीची जागा घेऊ लागला होता. एका मंत्रालयाने इथेनॉलला जोर दिला, दुसऱ्याने तेलावर शुल्क लावलं. गृहिणीने पुड्याला वीस-बावीस रुपये जास्त मोजले. त्यातलं शेतकऱ्यापर्यंत जे यायचं होतं ते पेंडीने वाटेतच अडवलं.

म्हणून मला वाटतं की खाद्यतेलाबद्दल बोलताना आपण सुरुवातच चुकीच्या पिकापासून करतो. सोयाबीन हे मुळात पेंडीचं, प्रथिनांचं पीक आहे. तेल हे त्याचं दुय्यम उत्पन्न. ज्या पिकांच्या दाण्यात खरोखर तेल भरलेलं असतं ती करडई, भुईमूग, तीळ, सूर्यफूल, जवस, मोहरी. यातली मोहरी राजस्थान-उत्तर प्रदेशात टिकली, वाढलीही. आपल्याकडची पिकं आपण जाऊ दिली. आणि ती गेली त्याचं मोठं कारण भाव कमी असणं यापेक्षाही भावाचा भरवसा नसणं हे आहे.

सोयाबीनला मी नावं ठेवत नाही, आमचं घर त्यावर चालतं. नव्वद-शंभर दिवसांत पीक हाती, मळणी यंत्राने एका दिवसात रास, दसऱ्या-दिवाळीला पैसा, वर रान हरभऱ्याला मोकळं. कोरडवाहू शेतकऱ्याला याहून वेगळं काय हवं? महाराष्ट्रात आज सोयाबीनखाली ५० लाख हेक्टरांच्या आसपास रान आहे ते काही कोणी फसवून पेरायला लावलेलं नाही. पण आपला उतारा हेक्टरी टनभर, फार तर थोडा वर. ब्राझीलचा त्याच्या तिप्पट. जगाचा भाव तिथे ठरतो आणि आपण तो इथे सोसतो.

हे असं नेहमीच नव्हतं. १९८६ च्या मे महिन्यात केंद्राने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. तेव्हा देशातलं तेलबियांचं उत्पादन सुमारे १०८ लाख टन होतं, दहा वर्षांत ते २४० लाख टनांच्या पुढे गेलं. त्याला पीतक्रांती म्हणतात, आणि श्रेय बहुतेक वेळा सुधारित बियाण्याला दिलं जातं. बियाण्याचा वाटा होताच. आपल्या घरची गोष्ट सांगायची तर भुईमुगाचं 'टॅग-२४' हे वाण भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून दिलं. नावातच ट्रॉम्बे आहे आणि अकोला आहे. उन्हाळी भुईमूग करणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांना विचारा, ते अजून त्याचं नाव काढतात.

पण बियाण्याइतकीच मोठी गोष्ट दुसरी होती आणि ती आपण विसरलो. १९८९ मध्ये सरकारने खाद्यतेलाच्या घाऊक भावाला एक पट्टा ठरवून दिला. खालची मर्यादा शेतकऱ्यासाठी, वरची गिऱ्हाइकासाठी. हा पट्टा सांभाळायचं काम डॉ. वर्गीस कुरियन यांच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे दिलं. भाव खाली यायला लागला की मंडळ माल घेऊन साठवायचं, वर जायला लागला की तोच माल बाजारात सोडायचं. 'धारा' हे तेल घराघरांत पोहोचलं ते याच काळात. पेरणाऱ्याला हंगामाआधी माहीत असायचं की भाव याच्या खाली जाऊ देणार नाहीत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयात गरजेच्या दोन-तीन टक्क्यांवर आली होती. आज हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

मग १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, ६५ टक्के शुल्क लावून. पुढच्या वर्षी बाकीची तेलं, ३० टक्क्यांवर. १९९८ येईपर्यंत शुल्क १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. चार वर्षांत ६५ चे १५! कोणत्या शेतकऱ्याने एवढ्या वेगाने पीक बदलावं?

सूर्यफुलाचं काय झालं ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. सोलापूर, लातूर, उस्मानाबाद आणि पलीकडे कर्नाटकात विजापूर, रायचूर या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी रानं असायची. शाळा सुटली की आम्हा पोरांना गोफण घेऊन पोपट हाकायला बसवत. देशात तेव्हा सूर्यफुलाखाली २५ लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र होतं, आज ते दोन-तीन लाखांवर आहे. नेक्रोसिस रोगाने मार दिला हे खरं, पाखरांचा त्रासही होताच. पण रोग तर कपाशीवर, तुरीवर, सोयाबीनवरही येतात. शेतकरी फवारतो, वाण बदलतो, पीक सोडत नाही, जर शेवटी हातात काही पडणार असेल तर. आता आपण सूर्यफूल तेल युक्रेन आणि रशियातून आणतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे युद्ध पेटलं आणि सोलापुरातल्या बाईला पुडा महाग झाला. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने स्वतःच्या लोकांना तेल पुरावं म्हणून पामतेलाची निर्यात बंद केली. जेमतेम साडेतीन आठवडे ती बंदी टिकली, पण तेवढ्यातच आपल्याला आपली मान कुणाच्या हातात आहे ते कळलं.

करडईबद्दल थोडं सावकाश सांगते, कारण ते आमचं खरं तेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात मूग-उडीद निघालेल्या रानात पेरायची. एक पाणी नाही की फवारणीचा फारसा खर्च नाही. तिचं मूळ खोल जातं आणि काळ्या रानातली खालची ओल उचलतं. वर नुसतं थंडीचं दव. कोवळी असताना तिची भाजी होते. पुढे तिला काटे येतात, आणि हे काटेच तिचं मोठेपण होतं: ज्वारीच्या कडेने करडईच्या चार ओळी टाकल्या की ढोरं आत शिरत नसत. आजच्या दिवसांत, जेव्हा रानडुकरांनी आणि हरणांनी हरभरा-भुईमूग पेरणं मुश्कील करून ठेवलं आहे, तेव्हा हा गुण तर सोन्यासारखा आहे. काढणी मात्र कठीण. आमची आजी हाताला फडकी गुंडाळून पहाटे रानात जायची, दवाने काटे मऊ असतात तोवरच कापणी व्हायची. मजूर मिळेनासे झाले तेव्हा करडई मागे पडली असं सगळे सांगतात. ते खरंही होतं. पण आता हार्वेस्टर गावात येतो आणि एका तासात एकर मोकळं करून देतो. फलटणच्या निंबकर संस्थेने, परभणीच्या विद्यापीठाने, सोलापूरच्या संशोधन केंद्राने करडईची चांगली वाणं दिली आहेत, जास्त तेलाची, कमी काट्यांचीही. काट्याची अडचण संपली, बियाण्याची अडचण संपली, तरी करडई परत आली नाही. एकेकाळी राज्यात काही लाख हेक्टरांवर असलेलं पीक आता हजारांत मोजावं लागतं.

का, ते शेतकऱ्याला विचारलं की तो एकच गोष्ट सांगतो: घेणार कोण? २०२४ च्या रब्बीसाठी केंद्राने करडईचा हमीभाव ५९४० रुपये जाहीर केला. आमच्या तालुक्यात करडईचं सरकारी खरेदी केंद्र मी कधी पाहिलेलं नाही. जो भाव कागदावर आहे आणि काट्यावर नाही, त्याच्यावर कोणी बी फेकत नाही.

आता शुल्काचा झोका पाहा. २००८ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क शून्य. मार्च २०१८ मध्ये कच्च्या पामतेलावर ४४ टक्के, शुद्धवर ५४. ऑक्टोबर २०२१ मध्ये कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क पुन्हा शून्य. सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के. आणि ३० मे २०२५ ला, मृग नक्षत्राला आठवडा उरला असताना, शेतकरी बियाण्याच्या दुकानात उभा असताना, २० चे १०.

प्रत्येक वेळी त्या त्या क्षणाचं कारण असतं. सणावाराला तेल महागलं, महागाईचा आकडा चढला, निवडणूक आली. एकेक निर्णय सुटा घेतला तर समजूनही घेता येतो. पण सगळे एका ओळीत मांडले की दिसतं, भाव पडतात तेव्हा सरकार उशिरा हलतं आणि चढतात तेव्हा लगेच. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं. आयुष्यात पहिल्यांदा असा भाव. ऑगस्टमध्ये कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली, आणि ती जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची, ज्याची पेरणी करायला आपल्या शेतकऱ्याला बंदी आहे. नवं पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. डिसेंबरात सोयाबीन, मोहरी, कच्चं पामतेल यांचे वायदे बंद केले, आणि त्या बंदीची मुदत पुढे वाढवतच नेली. म्हणजे पुढच्या तीन महिन्यांत भाव कुठे असेल याचा अंदाज घेण्याची एकमेव उघडी खिडकीही लावून घेतली. ज्याने घरात माल ठेवला तो पस्तावला. त्याला लोक साठेबाज म्हणतात. तो चार एकरवाला असतो आणि मुलीच्या लग्नासाठी थांबलेला असतो.

इथे अर्थशास्त्र शिकलेली माणसं एक प्रश्न विचारतात, आणि तो टाळण्यासारखा नाही. पामतेल ज्यापासून निघतं ते तेलाचं ताड हेक्टरी वर्षाला तीन-चार टन तेल देतं. आपली मोहरी अर्धा टन देते. मग इंडोनेशिया-मलेशियाचं स्वस्त तेल घ्यावं आणि आपल्या रानात आपल्याला जे चांगलं येतं ते पिकवावं, यात वाईट काय?

यातला अर्धा भाग मला मान्य आहे. भारत दरवर्षी सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात करतो, गरजेच्या निम्म्याहून जास्त. हे सगळं हेक्टरी अर्धा टनाने देशातच पिकवायचं म्हटलं तर आणखी तीन कोटी हेक्टरांच्या वर रान लागेल. देशाचं पेरणीखालचं एकूण क्षेत्र १४ कोटी हेक्टर. गहू, भात, डाळी कुठे पेरायच्या? तेव्हा तेलात पूर्ण आत्मनिर्भर होण्याची घोषणा ही घोषणाच आहे, आणि ती करून आपण शेतकऱ्यालाही फसवतो आणि स्वतःलाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या तेलबिया अभियानाचं उद्दिष्ट २०३०-३१ पर्यंत ३९० लाख टन तेलबियांचे ६९७ लाख टन करण्याचं आणि गरजेच्या ७२ टक्के तेल देशात बनवण्याचं आहे. सात वर्षांसाठी तरतूद १०,१०३ कोटी. आयात निम्म्याच्या खाली आली तरी मी ते मोठं यश मानेन.

उरलेला अर्धा भाग मान्य नाही. "आपल्याला जे चांगलं येतं ते पिकवावं" म्हणताना डोळ्यांसमोर पंजाबचं ओलिताचं शेत असतं. मराठवाड्यातल्या रब्बीच्या कोरड्या काळ्या रानाला पर्याय किती? ज्वारी, हरभरा, करडई, जवस. एवढेच. तिथे करडई काढून टाकली तर तिच्या जागी संगणक पिकत नाहीत, एक तर सगळा हरभरा होतो आणि त्याचाही भाव पडतो, नाही तर रान मोकळं राहतं.

आणि ताडाच्याच बाबतीत सरकारने जे केलं ते पाहिलं की मला आशाही वाटते आणि रागही येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटींचं पामतेल अभियान आलं. त्यात ताड लावणाऱ्या शेतकऱ्याला भावाचं एक सूत्र दिलं आहे: गेल्या पाच वर्षांच्या कच्च्या पामतेलाच्या सरासरी भावाला महागाईची जोड देऊन त्याचे १४.३ टक्के, हा फळांच्या घडांचा परवडणारा भाव. बाजार त्याच्या खाली गेला तर फरक सरकार भरणार. हे सूत्र उत्तम आहे. जगाचा भाव पडला तरी शेतकरी पडू नये, याची ही लेखी हमी आहे. ईशान्येच्या जंगलाच्या कडेला पाण्यावर वाढणाऱ्या, चार वर्षांनी फळाला येणाऱ्या परक्या झाडाला ही हमी मिळाली. पाण्याशिवाय चार-साडेचार महिन्यांत तेल देणाऱ्या आपल्या करडईला का नाही?

माझी मागणी एवढीच आहे. दरवर्षी मेच्या आत, पेरणीआधी, तेलाच्या आयात शुल्काचा नियम जाहीर व्हावा. आकडा बांधून ठेवू नका, नियम बांधा. परदेशी तेल बंदरात अमुक भावाच्या खाली उतरलं की शुल्क आपोआप इतकं वाढेल, अमुकच्या वर गेलं की आपोआप इतकं कमी होईल. १९८९ चा पट्टाच, फक्त गोदामाऐवजी शुल्काने सांभाळलेला. सोयातेलावर जागतिक व्यापार संघटनेत आपण ४५ टक्क्यांची मर्यादा मान्य केली आहे, पामवर ती ३०० आहे, म्हणजे हात हलवायला जागा पुरेशी आहे. नेपाळमार्गे शून्य शुल्काने येणाऱ्या तेलाचं भोक बुजवलंच पाहिजे, नाही तर नियम करून उपयोग नाही. आणि ताडाचं सूत्र करडई, सूर्यफूल, भुईमूग, तीळ, जवस यांना लावा. सोयाबीनसाठी पेंडीचा वेगळा विचार करा: इथेनॉलचं धोरण ठरवणाऱ्यांनी पेंडीवर काय होईल याचा हिशोब आधी मांडावा.

पैसा कुठून, असं कोणी विचारेल. तेलाच्या आयातीचं वर्षाचं बिल सव्वा-दीड लाख कोटींच्या घरात आहे. त्यावर मे २०२५ च्या कपातीनंतरचं, अधिभार धरून साडेसोळा टक्के शुल्क धरलं तरी ढोबळमानाने वीस हजार कोटींच्या आसपास जमतात. म्हणजे तेलबिया अभियानाला सात वर्षांत द्यायचे आहेत त्याच्या दुप्पट, एकाच वर्षात. हा पैसा खाणाऱ्याच्या खिशातून तेलापायी जातो, मग तो तेल पिकवणाऱ्याकडे वळवायला काय हरकत आहे?

राहिला गरिबाचा प्रश्न. महाग तेलाचा चटका त्यालाच आधी बसतो हे मी नाकारत नाही. दोन पुड्यांवर महिना काढणारी घरं माझ्या गल्लीत आहेत. पण त्यासाठी सगळ्या देशाला शून्य शुल्काचं तेल पुरवायचं म्हणजे त्या घराबरोबर फरसाणाच्या कारखान्यालाही सूट द्यायची. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्रात 'आनंदाचा शिधा' म्हणून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर तेल वाटलं. तेल होतं पामतेल. ज्या राज्यात सोयाबीनच्या राशी पडून असतात त्या राज्याने आपल्या गरिबाला समुद्रापलीकडचं तेल दिलं. रेशनवर दरमहा एक लिटर तेल द्या, राज्यातल्या तेलबियांचं द्या, हमीभावाने घेऊन गाळलेलं द्या. शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि गरिबाला तेल.

मागणीच्या बाजूचंही दोन वाक्यांत सांगायला हवं. १९५०-५१ मध्ये देशात माणशी वर्षाला जेमतेम ३ किलो तेल लागायचं, आता १९-२० किलो. आरोग्याच्या दृष्टीने साधारण १२ किलो पुरेसं मानलं जातं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून तेल दहा टक्के कमी करा असं आवाहन केलं. आवाहन योग्यच आहे, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जवळपास चौथा हिस्सा बायका आणि पुरुष जादा वजनाचे निघाले. पण घरातली बाई कढईत एक पळी कमी घालेल तेवढ्याने १६० लाख टन हलणार नाहीत. शेव, चिवडा, बिस्किटं, वेफर्सच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचून पाहा: पामोलिन, पामोलिन, पामोलिन. हे तेल स्वयंपाकघरात दिसत नाही आणि म्हणून कमीही करता येत नाही. ते स्वस्त आहे म्हणून वापरलं जातं. पाच रुपयांचं पाकीट सहाला मिळालं तर मुलांचं काही बिघडणार नाही.

२०२४ च्या त्या दिवाळीआधीच अण्णांनी दीड एकर करडई पेरली होती, बऱ्याच वर्षांनी. मार्चमध्ये सहा क्विंटल झाली. त्यातली एक क्विंटल घरच्या तेलाला घेऊन आम्ही तालुक्याच्या लाकडी घाण्यावर गेलो. घाण्यावाल्याने मूठभर दाणा तळहातावर घेतला, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली फोडला आणि बाकीची पाचही क्विंटल तिथेच मागून घेतली, बाजारापेक्षा चढ्या भावाने. म्हणाला, "काका, मला माल कर्नाटकातनं आणावा लागतोय. पुढच्या साली दहा करा, मी घेतो." घरभर त्या तेलाचा वास चार दिवस होता, आईने पहिल्याच दिवशी ज्वारीच्या भाकरीवर चटणी आणि कच्चं तेल वाढलं.

मेच्या शेवटी शुल्क निम्मं केल्याची बातमी आली तेव्हा मी अण्णांना म्हटलं, यंदा सोयाबीन कमी करू या, दोन बॅगा मूग टाकू, मागून सगळी करडई करू. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घाण्यावाला दहा क्विंटल घेईल. त्याचा शब्द आहे, तो पाळेल. पण माझं बघून गावानं शंभर एकर पेरली, तर ती कोण घेईल?"

त्या खरिपात त्यांनी पुन्हा चार बॅगा सोयाबीनच पेरलं. दीड एकर तेवढं मुगाला ठेवलं, करडईसाठी.